तज्ज्ञ डॉक्टरांचे कार्यांतर : एक दुर्लक्षित प्रश्न

तालुक्याच्या गावातील एखादे प्रसूतिगृह बंद होते, तेव्हा सरकारी दप्तरात त्याची नोंद एका ओळीत आटोपते : नोंदणी रद्द. पंचक्रोशीतील लोकांच्या दृष्टीने मात्र तो फार मोठा बदल असतो. काल ज्या बाळंतिणीला दहा किलोमीटर न्यावे लागत होते, तिला आज साठ किलोमीटरवरील जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, आणि तेही बहुधा रात्री. डॉक्टर का गेले, कोठे गेले, आता काय करतात, याची चौकशी कोणी करीत नाही. "पैसा पुरेसा झाला असेल," असा तर्क करून लोक मोकळे होतात. हा तर्क पुष्कळदा चुकीचा असतो. म्हणूनच या विषयाची थोडी उकल करण्याचा येथे प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा विद्यार्थी; वैद्यकातील सूक्ष्म गोष्टींबद्दल त्याने बोलू नये हे खरे. पण हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच समाजव्यवस्थेचाही आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तालुक्याच्या गावी कामानिमित्त मुक्काम पडला होता. तेथील प्रसूतितज्ज्ञांनी सव्वीस वर्षे चालविलेले बारा खाटांचे रुग्णालय बंद करण्याचे ठरविले होते. खाली दवाखाना, वर बिऱ्हाड, अशी आपल्याकडील नेहमीची रचना. सव्वीस वर्षांत पती-पत्नींनी मिळून आठ दिवस बाहेरगावी काढल्याचे त्यांना आठवत नव्हते. वय चोपन्न, मणक्याचे दुखणे आणि रात्री दूरध्वनी वाजला की छातीत धस्स होणे, एवढी त्यांची मिळकत. त्यांना भेटण्यास पंचायत समितीचे एक वयोवृद्ध सदस्य आले होते. ते हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही दमलात हे आम्हाला मान्य, पण आमच्या लेकीसुनांनी रात्री जायचं कुठं?" डॉक्टरांजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. खरे पाहता हा प्रश्न त्यांना विचारण्याचा नव्हताच; पण विचारण्यासारखे दुसरे कोणी त्या गावात नव्हते.

शिणवट्याची कारणे

वैद्यकाच्या सर्व शाखा सारख्याच कष्टाच्या नाहीत. त्वचारोग किंवा विकृतिशास्त्र या शाखांतील कामाला बरेचसे वेळापत्रक असते. प्रसूतिशास्त्र, शल्यचिकित्सा, भूलशास्त्र, अतिदक्षता व नवजात बालकांची चिकित्सा या शाखांना ते नसते. बाळाच्या जन्माला घड्याळ ठाऊक नाही. शिवाय या शाखांत निर्णयास मिनिटे मिळतात आणि चुकीचे परिणाम तत्काळ दिसतात. शहरातील मोठ्या रुग्णालयात पाळ्या असतात, हाताखाली निवासी डॉक्टर असतात. तालुक्याच्या गावात तोच एक माणूस तपासतो, शस्त्रक्रिया करतो, नातेवाइकांना समजावतो, वीज गेली तर जनरेटरची काळजी वाहतो आणि बँकेचा हप्ताही भरतो.

या दीर्घकालीन थकव्याला १९७४ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 'बर्नआऊट' असे नाव दिले. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात त्याचा समावेश केला. तोही रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. यांपैकी दुसरे लक्षण रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत घातक. पूर्वी प्रेमाने विचारपूस करणारे डॉक्टर हल्ली वसकन अंगावर येतात, अशी तक्रार गावात ऐकू येते, तेव्हा तिच्यामागे गर्वच असेल असे नाही.

शिणवट्याला भीतीचीही जोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. रुग्णाला दाद मागण्याचे साधन मिळाले, हे योग्यच झाले. परंतु न्यायालयात दाद मागणे निराळे आणि रुग्णालयाची मोडतोड करणे निराळे. अशा हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात अस्थिरोग विभागातील डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबविले. एकदा असा प्रसंग पाहिलेला डॉक्टर गुंतागुंतीचा रुग्ण दाखल करून घेण्यापूर्वी दोनदा विचार करतो. मग "पुढे न्या" ही चिठ्ठी लवकर लिहिली जाते, आणि तिची किंमत रुग्णच मोजतो.

वयाचे गणित

शिक्षकवर्गाने या ठिकाणी थोडा हिशेब मांडून पाहावा. अठराव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश, एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे व आंतरवासितेचे एक. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यास बंधपत्राची एक वर्षाची सेवा. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीत बहुधा आणखी एक वर्ष. एम.डी. किंवा एम.एस.ची तीन वर्षे, पुन्हा बंधपत्र. येथवर तिशी आलेली असते. हृदयशल्यचिकित्सेसारखी अतिविशेष शाखा हवी असेल तर आणखी तीन वर्षे. तिशीत ज्याने पहिली स्वतंत्र शस्त्रक्रिया केली, त्याला चाळिशीत "ही शाखा मला झेपत नाही" असे उमगले, तर त्याने काय करावे?

एका विशेष शाखेतून दुसरीत जाण्याची सोपी वाट आपल्याकडे नाही. शल्यचिकित्सकाला मानसोपचारतज्ज्ञ व्हावयाचे असेल, तर प्रवेशपरीक्षेपासून आरंभ करून पुन्हा तीन वर्षे विद्यार्थी व्हावे लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी, मुले महाविद्यालयात असताना, हे फार थोड्यांना शक्य होते. म्हणून बहुतेक जण शाखा सोडीत नाहीत, शाखेतील काम बदलतात. प्रसूतितज्ज्ञ प्रसूती घेणे थांबवून केवळ बाह्यरुग्ण विभाग चालवितात. शल्यचिकित्सक लहान शस्त्रक्रिया तेवढ्या ठेवतात. कुटुंबाच्या दृष्टीने हा तोडगा चांगला आहे. गावाच्या दृष्टीने मात्र रात्रीचा डॉक्टर गेला तो गेलाच.

याशिवाय एक न बोलली जाणारी अडचण म्हणजे संकोच. आईवडिलांनी शेत गहाण टाकून शिकविले. गावाने सत्कार केला. आता हातातील शस्त्र खाली ठेवले तर लोक काय म्हणतील? शिक्षकाने शाळा बदलली, अधिकाऱ्याने खाते बदलले, तर कोणी भुवई उंचावत नाही. डॉक्टरने काम बदलले की मात्र "डोकं फिरलं" किंवा "काही तरी प्रकरण झालं असणार" असे म्हटले जाते.

ज्यांनी वाट बदलली

महाराष्ट्राला या बाबतीत चांगली परंपरा आहे, आणि ती या संकोचावर उतारा ठरावी. डॉ. नोशिर अंटिया हे प्लास्टिक सर्जरीतील मोठे नाव. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेचा विभाग उभा केला आणि कुष्ठरुग्णांच्या विकृत झालेल्या हातापायांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर येणारा रुग्ण हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा आहे, हे त्यांना जाणवत गेले. १९७५ मध्ये त्यांनी सामूहिक आरोग्य संशोधनासाठी संस्था स्थापन केली, आणि अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावातीलच स्त्रिया आरोग्याची प्राथमिक कामे किती समर्थपणे करू शकतात हे दाखवून दिले. 'सर्वांसाठी आरोग्य' या विषयावरील १९८१ च्या राष्ट्रीय अभ्यासगटाच्या अहवालाशी त्यांचा निकटचा संबंध होता.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याची हकिकत अनेक वाचकांस ठाऊक असेल. वेल्लोर येथे शिकल्यानंतर त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. रुग्णालय गजबजलेले असे. पण बरे होऊन गेलेली मुले त्याच आजाराने पुन्हा येत. नंतर अमेरिकेत डॉ. आरोळे यांनी शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेतले खरे, परंतु त्यावरच न थांबता दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये जामखेड हे दुष्काळी गाव निवडले. निरक्षर, बहुतांशी दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा त्यांचा प्रयोग पुढे जगभरातील लोक पाहावयास आले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. आरोळे यांनी शस्त्रक्रिया पूर्ण सोडली नाही. जामखेडला रुग्णालयही होतेच. फक्त कामाचा केंद्रबिंदू रुग्णालयाबाहेर गेला.

गडचिरोलीतील डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या व डॉ. अभय बंग यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा त्रास असल्याचे त्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. त्यापूर्वी या दुखण्यांकडे कुटुंबनियोजनाच्या चौकटीबाहेर फारसे पाहिलेच जात नव्हते. त्यांनी गावातील स्त्रियांना शिकवून घरीच नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धत बसविली. तिने नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन बाळाचे वजन व तापमान पाहते, त्या कार्यक्रमाचा उगम येथे आहे. प्रसूतिगृहात एका वेळी एक बाळ वाचविणाऱ्या शाखेतील ज्ञान बाहेर आणल्याने काय घडते, याचे हे उदाहरण.

इतर राज्यांकडे पाहिले, तर केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल हे भूलतज्ज्ञ आठवतात. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनाचे केंद्र सुरू केले. वेदनेची वाहिनी रोखणे हे भूलतज्ज्ञाचे कसबच. ते शस्त्रक्रियागृहातून कर्करोग्याच्या खाटेपाशी नेले, इतकेच. मुंबईत त्याआधी, १९८६ मध्ये, टाटा रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्रे येथे 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले असे शुश्रूषागृह स्थापन केले होते.

आणि वैद्यक पूर्णपणे सोडणाऱ्यांत डॉ. श्रीराम लागू यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक म्हणून त्यांनी पुण्यात आणि टांझानियात काम केले. १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या सुमारास, त्यांनी रंगभूमी हाच पूर्णवेळ व्यवसाय पत्करला. 'नटसम्राट' त्यानंतरचे. अर्थात एक लागू झाले म्हणून प्रत्येक थकलेल्या डॉक्टरला नाटक साधेल असे नाही!

आज उपलब्ध असलेल्या वाटा

वरील मंडळी असामान्य होती. सामान्य डॉक्टरला प्रथम वाट आणि मिळकत, दोन्ही दिसावी लागतात. सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात आहे. कारखान्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्यासाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. ज्या जिल्ह्यांत औद्योगिक वसाहती आहेत, तेथे ही वाट विशेष उपयोगाची, कारण कामाचे तास ठरलेले असतात. परिहारक सेवेचे, ज्यास सर्रास 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही आहेत. विमा कंपन्यांतील वैद्यकीय परीक्षण, रुग्णालय प्रशासन, औषधसंशोधन, वैद्यकीय लेखन ही कामे शहरांत मिळतात.

अध्यापनाची वाट आज अधिक महत्त्वाची झाली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना यांसारखे जिल्हे आहेत. इमारती उभ्या राहतील, पण शिकविणार कोण? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२५ च्या नियमांत किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयांतील अनुभवी तज्ज्ञांना अध्यापक होण्याची वाट मोकळी केली. दहा वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. खासगी व्यवसायातील पंचवीस वर्षे मात्र या हिशेबात बहुधा धरली जात नाहीत. तालुक्याच्या गावी हजारो प्रसूती केलेल्या हाताने विद्यार्थ्यांस शिकवू नये, असे म्हणण्यास सबळ कारण दिसत नाही. याचा पुनर्विचार झाला तर बरे.

दवाखाना बंद करताना

काम बदलण्याचा निर्णय एका दिवसात घेतला, तरी त्याची अंमलबजावणी एका दिवसात होत नाही, आणि पुष्कळ डॉक्टरांना हे उशिरा कळते. दाखल रुग्णांचे कागदपत्र उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन २००२ च्या आचारविनियमांत आहे. रुग्णाने मागितल्यास ते बहात्तर तासांत द्यावे लागतात. दवाखाना बंद झाला म्हणून हे बंधन संपत नाही. सोनोग्राफी यंत्र भंगारात किंवा ओळखीच्या माणसास विकता येत नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्यान्वये ते नोंदणीकृत केंद्रासच देता येते व समुचित प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. शुश्रूषागृहाची नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जैववैद्यकीय कचऱ्याचा परवाना हे रीतसर परत करावे लागतात. परिचारिका, आया, रखवालदार यांची देणी चुकती करणे हे तर कायद्याइतकेच माणुसकीचेही काम. पंचवीस वर्षे रात्रपाळी केलेल्या परिचारिकेचेही कार्यांतरच होत असते. तिच्याविषयी कोणी लेख लिहीत नाही.

विम्याची एक खाच विशेष सांगण्यासारखी आहे. व्यावसायिक दायित्वाचा विमा सामान्यतः दावा दाखल होण्याच्या वेळी चालू असावा लागतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. तेव्हा दवाखाना बंद करताच विमाही बंद केला, तर पूर्वीच्या उपचारांबद्दल पुढे आलेला दावा स्वतःच्या खिशातून लढवावा लागतो. काही वर्षे संरक्षण चालू ठेवणे शहाणपणाचे.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीही सोडू नये. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तीस गुण मिळवावे लागतात. नोंदणी गेली की साधे वैद्यकीय प्रमाणपत्रही देता येत नाही, आणि उद्या मन पालटले तर परतीचा दरवाजा जड होतो.

गावाच्या बाजूने

आता त्या वयोवृद्ध सदस्यांच्या प्रश्नाकडे येऊ. ग्रामीण रुग्णालयाची कल्पना तीस खाटा आणि शल्यचिकित्सक, भिषक्, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ अशी आहे; भूलतज्ज्ञ नसेल तर यांतील दोघांचे हात बांधलेलेच असतात. ही पदे सर्वत्र भरलेली नसतात, हे वाचकांस सांगावयास नको. यावर दोन उपाय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहेत. पहिला, एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना जीवरक्षक भूल देण्याचे किंवा तातडीच्या प्रसूतिशस्त्रक्रियेचे काही महिन्यांचे प्रशिक्षण. भुलेचा अभ्यासक्रम मूळ अठरा आठवड्यांचा होता. असा प्रशिक्षित अधिकारी एकटा पडला, त्याच्या पाठीशी विचारण्यास कोणी नसले, की तो जोखीम घेत नाही व शिकलेले विसरतो. दुसरा उपाय म्हणजे खासगी तज्ज्ञांना प्रत्येक रुग्णामागे मानधन देऊन बोलाविणे.

या दोन्ही ठिकाणी व्यवसाय सोडू पाहणारा तज्ज्ञ उपयोगी पडतो. त्याला रात्र नको असते. दिवस नको असतो असे नाही. मणका दुखत असला, तरी नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे राहून "घाई करू नका, अजून अर्धा तास वाट पाहा" असे सांगण्यास मणका लागत नाही. दोन-तीन प्रसूतितज्ज्ञांनी स्वतंत्र दवाखाने चालविण्याऐवजी एकत्र येऊन रात्री वाटून घेणे हाही एक मार्ग आहे. आपल्याकडे स्पर्धेमुळे तो फारसा अवलंबिला जात नाही. आणि रुग्ण कल्याण समितीत बसणाऱ्या पंचायत सदस्यांना आपल्या तालुक्यातील तज्ज्ञांची वये व बेत ठाऊक असणे काही कठीण नाही. कोण पन्नाशी ओलांडून गेले, कोणाची मुले परदेशी आहेत, कोण दवाखाना विकण्याच्या विचारात आहे, हे गावात सर्वांना माहीत असते. फक्त ते कधी इतिवृत्तात येत नाही. वर्षभर आधी कळले, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पर्यायी व्यवस्थेसाठी पत्रव्यवहार करता येतो. कुलूप लागल्यानंतर केलेला पत्रव्यवहार कसा चालतो, हे अधिकारी वाचक जाणतातच.

आरंभी उल्लेखिलेल्या डॉक्टरांनी रुग्णालय बंद केले. सहा महिने ते घरीच होते. नंतर वैद्यकीय अधीक्षकांनी आग्रह केल्यावर ते आठवड्यातून दोन दिवस, सकाळी नऊ ते एक, ग्रामीण रुग्णालयात जोखमीच्या गरोदर स्त्रियांची तपासणी करू लागले. रक्तदाब वाढलेली, रक्त कमी असलेली, पूर्वी शस्त्रक्रिया झालेली स्त्री सातव्या-आठव्या महिन्यातच ओळखून तिची तारीख व जिल्हा रुग्णालयातील खाट आधीच निश्चित केली जाते. रात्री धावपळ करण्याची वेळ कमी येते, असे तेथील परिचारिकेने सांगितले. पूर्ण टळते असे ती म्हणाली नाही. बुधवारी दुपारी ते कन्याशाळेत आठवी-नववीच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवितात. मुलींच्या प्रश्नांची चिठ्ठ्यांची पेटी ते स्वतः घरी नेतात आणि पुढील बुधवारी उत्तरे घेऊन येतात.